४ जून १९१३ चा करार

परदेशी शिष्यवृत्ती हे शब्द आपल्या समाजात उच्चारले की दोन नावे जोडीने येतात : बाबासाहेब आणि सयाजीराव महाराज. एकाची विद्वत्ता आणि दुसऱ्याचे औदार्य. जयंतीची भाषणे, शाळेतले निबंध, भिंतीवरची चित्रे, सगळीकडे हा इतिहास या दोन शब्दांत संपतो. विद्वत्ता खरी होती आणि औदार्यही खरे होते. त्याबद्दल वाद नाही. परंतु इतिहास शिकवणाऱ्या माणसाला तेवढ्यावर थांबता येत नाही. कुणी दिले, किती दिले, किती मुदतीसाठी दिले, कोणत्या अटीवर दिले आणि घेणारा परत आला तेव्हा त्याचे काय झाले, हे पाच प्रश्न विचारले की औदार्याच्या चित्रामागचे व्यवस्थेचे चित्र दिसू लागते. तेच येथे पाहायचे आहे.

मी एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवते. आईवडील शेतमजूर, घरातली पहिली पदवी माझी. मी पदवीच्या वर्गात होते तेव्हा सरकारच्या खर्चाने परदेशात शिकायला जाता येते, हे आम्हाला कुणी सांगितले नाही. बाबासाहेब कोलंबियात शिकले हे माहीत होते. पण ते सूर्य पूर्वेला उगवतो हे माहीत असावे तसे. त्यात आमच्यासाठी वाट आहे असे वाटले नव्हते. थोर पुरुषाचा चमत्कार म्हणून सांगितलेला इतिहास असाच निरुपयोगी होतो. तो वंदनीय राहतो, वापरता येत नाही.

१

बडोद्याच्या मदतीची सुरुवात परदेशापासून झाली नाही. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. दरमहा २५ रुपये मिळू लागले. त्यावर एल्फिन्स्टन कॉलेजातले बी. ए. झाले. जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि २ फेब्रुवारीला वडील रामजी सुभेदार गेले. घराचा आधार तुटला. त्यानंतर काही महिन्यांतच अमेरिकेची संधी आली.

४ जून १९१३ रोजी बडोदा संस्थानच्या शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्यासमोर करारावर सही झाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, ठरवून दिलेल्या विषयांचा अभ्यास, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. तीन वर्षांच्या बदल्यात दहा वर्षे. हा दानपत्राचा मजकूर नाही, हा व्यवहार आहे. आणि माझ्या मते हीच त्यातली चांगली गोष्ट आहे. दान घेणाऱ्याने मान खाली घालायची असते. करार करणारा समोरासमोर बसतो. ज्या समाजाशी कुणी करार करत नव्हते, ज्याला फक्त हुकूम मिळत होते, त्या समाजातल्या बावीस वर्षांच्या तरुणाने एका संस्थानच्या सरकारशी अटी ठरवून सही केली, ही घटना मला त्या पौंडांपेक्षा मोठी वाटते.

संस्थानला काय हवे होते, तेही उघड आहे. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. असे राज्य चालवायला शिकलेले अधिकारी लागतात. ते बाहेरून आणण्याऐवजी आपली माणसे बाहेर पाठवून तयार करावीत, हा दूरदृष्टीचा विचार होता. त्या विचारात अस्पृश्य विद्यार्थीही बसतो, हे महाराजांना पटले होते. दरबाराच्या बाकीच्या माणसांना ते पटले होते का, याचे उत्तर चार वर्षांनी मिळाले.

कराराच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक व्यक्ती होती. तिची सही त्यावर नाही. यशवंताचा जन्म डिसेंबर १९१२ चा. बाप बोटीत बसला तेव्हा मूल वर्षाचेही नव्हते. रमाबाई मुंबईत राहिल्या. साडेअकरा पौंडांतून काटकसर करून काही पैसे घरी येत. बाकीचे ओझे त्यांनी उचलले. शिष्यवृत्तीचा हिशेब मांडताना आपण देणाऱ्याची रक्कम लिहितो, घरात राहिलेल्या बाईने भरलेली रक्कम लिहीत नाही. आजही परदेशी गेलेल्या प्रत्येक मुलामागे घरी कुणीतरी ही न लिहिलेली रक्कम भरत असते.

२

जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्क. तेथल्या तीन वर्षांत बाबासाहेबांनी काय केले, हे त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांवरून दिसते : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. अर्थशास्त्राचे सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, इतिहासकार जेम्स हार्वे रॉबिन्सन अशा शिक्षकांचे वर्ग. पदवीपुरता अभ्यास करून मोकळा होणाऱ्या विद्यार्थ्याची ही यादी नव्हे. उपाशी माणूस ताटातले काही टाकत नाही, तशी ही यादी आहे.

पण यादीपेक्षा महत्त्वाचे आहे ते त्यांनी निवडलेले विषय. १९१५ साली एम. ए. झाले, त्या वेळी अभ्यास प्राचीन भारतातल्या व्यापाराचा आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचा व अर्थव्यवहाराचा. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात निबंध वाचला तो भारतातील जातींवर : त्यांची घडण, उगम आणि वाढ. त्याच वर्षी जूनमध्ये सादर केलेला प्रबंध भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटणीवर. हाच अभ्यास वाढत जाऊन १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाला आणि १९२७ साली कोलंबियाची डॉक्टरेट रीतसर मिळाली.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. हा विद्यार्थी अमेरिकेत जाऊन अमेरिकेचा अभ्यास करत नव्हता. तो भारताचा अभ्यास करत होता. मग त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचे, असा प्रश्न आजही विचारला जातो. उत्तर सोपे आहे. जातीचा अभ्यास जातीच्या बाहेर उभे राहून करायला जागा लागते. येथे तो विषय धर्माचा होता, सोवळ्याचा होता, कुणी कुठे बसायचे याचा होता. तेथे तो चर्चासत्राचा विषय झाला. ज्याला येथे शाळेत स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागले, तो तेथे इतरांच्या बरोबरीने टेबलाशी बसून आपल्याला गोणपाटावर बसवणाऱ्या व्यवस्थेची चिकित्सा करू लागला. शिष्यवृत्तीने दिलेली सर्वांत मोठी गोष्ट ही. पदवी नव्हे, अंतर.

३

ऑक्टोबर १९१६ मध्ये बाबासाहेब लंडनला गेले. ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव घातले. पण मुदत संपली होती. दरबाराने परत बोलावले. अभ्यास अर्धा टाकून, चार वर्षांच्या आत परत येण्याची विद्यापीठाची परवानगी खिशात घालून, १९१७ साली ते निघाले. सामान वेगळ्या बोटीने येत होते. महायुद्ध चालू होते; बोटीला टॉर्पेडोने जलसमाधी मिळाली आणि सामानाबरोबर पुस्तकेही गेली. भरपाईचे ६०० रुपये आले आणि बडोद्याला जाण्याचा खर्च त्यातून निघाला.

पुढचा भाग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. बडोद्यात नोकरी होती, राहायला जागा नव्हती. हिंदू खानावळीत प्रवेश नाही. पारशी पथिकाश्रमात पारशी नाव लावून, दिवसाला दीड रुपया भाडे देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. आठ तासांची मुदत मागून घेतली. एक हिंदू मित्र होता. त्याने सांगितले की तुम्ही आलात तर नोकर निघून जातील. एक ख्रिस्ती मित्र होता. त्याला बायकोला विचारायचे होते. शेवटी कमाटी बागेत झाडाखाली बसून रात्रीच्या गाडीची वाट पाहिली आणि मुंबई गाठली.

आपण हा प्रसंग अपमानाचा प्रसंग म्हणून सांगतो. तो तसा आहेच. पण कराराच्या दृष्टीने पाहिले तर तो दुसरेही काही सांगतो. दहा वर्षांची नोकरी ही अट होती. ती पार पाडायला माणूस आला होता. एम. ए. होऊन, प्रबंध लिहून आला होता. तो राज्याच्या हिशेबखात्यात उमेदवारी करू लागला. आणि राज्य त्याला छप्पर देऊ शकले नाही. साडेअकरा पौंड दरमहा न्यूयॉर्कला पाठवणाऱ्या राज्याला स्वतःच्या राजधानीत एक खोली मिळवून देता आली नाही. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या बाजूने मोडली नाही, ती समाजाच्या बाजूने मोडली. राजाची इच्छा तिजोरीपर्यंत पोचते. वाड्याबाहेरच्या गल्लीपर्यंत पोचत नाही. ज्या माणसाला तुम्ही शिकवले त्याला सामावून घेण्याइतका समाज तुम्ही बदलला नसेल, तर शिष्यवृत्ती अर्धीच दिलेली असते.

तरीही १९२५ चा तो ग्रंथ बाबासाहेबांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला. कृतज्ञता त्यांनी नाकारली नाही. पण कृतज्ञतेपोटी बडोद्याची ती रात्रही लपवली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे आपण शिकण्यासारखे आहे. आपल्याकडे कृतज्ञता म्हणजे तोंड बंद ठेवणे असे समजले जाते.

दुसऱ्यांदा लंडन गाठायला कोणत्याही दरबाराची शिष्यवृत्ती नव्हती. सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले ५,००० रुपयांचे कर्ज आणि राजर्षी शाहू महाराजांची १,५०० रुपयांची मदत. जुलै १९२० मध्ये निघाले. १९२१ साली एम. एस्सी., पुढे बॅरिस्टर, १९२३ साली डी. एस्सी. दारातून लाठीने हाकलणारेही पारशी आणि कर्ज देणाराही पारशी. इतिहास जातीच्या नावाने एकगठ्ठा निकाल देऊ देत नाही, तो माणसामाणसाचा हिशेब मागतो.

४

करार, कर्ज, मदत. तिन्हींत एक गोष्ट समान : देणाऱ्याची मर्जी. के. आर. नारायणन यांची हकीकत याच रांगेतली. केरळातल्या उळवूर गावच्या गरीब दलित घरातला हा मुलगा १९४५ साली टाटा शिष्यवृत्तीवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेला, हॅरॉल्ड लास्कींचा विद्यार्थी झाला आणि १९९७ साली राष्ट्रपती झाला. पण एखाद्या संस्थानिकाची किंवा उद्योगपतीची नजर पडली नाही अशा मुलांचे काय? त्यांची नावे इतिहासात नाहीत, कारण ती गेलीच नाहीत.

मर्जीचे हक्कात रूपांतर करण्याचे काम बाबासाहेबांनी सत्तेत गेल्याबरोबर केले. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यातला शिक्षणाचा भाग मुद्दाम वाचण्यासारखा आहे. बनारस आणि अलीगढ विद्यापीठांना सरकार दरसाल प्रत्येकी तीन लाख देते, मग अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी तेवढी रक्कम का नाही, असा त्यांचा रोकडा सवाल होता. मागणी विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्यांची होती, देशातल्या आणि परदेशातल्याही. येथे दयेची भाषा नाही. दुसऱ्यांना देता तेवढे आम्हाला द्या, ही वाट्याची भाषा आहे. तीन लाखांची तरतूद झाली, काही विद्यार्थी परदेशी गेले, १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. माझ्यासारखी हजारो मुले-मुली पुढे त्याच पैशावर शिकली. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने दरसाल ७५ विद्यार्थ्यांसाठी योजना आली. ४ जून १९१३ ला एका तरुणाने केलेली सही अशी एका वर्गाच्या हक्कापर्यंत पोचली.

५

हक्क मिळाला म्हणून प्रश्न संपत नाही. गेलेला माणूस काय घेऊन परत येतो, हाही प्रश्न आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्याच्या सभेत शिकलेल्यांबद्दल जी वेदना बोलून दाखवली ती सर्वांना ठाऊक आहे. ती सांगून पांढरपेशांना झोडपणे सोपे आहे. मला दुसरे उदाहरण द्यावेसे वाटते. मिलिंद महाविद्यालयाचे डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकले. व्हिटमनवर प्रबंध लिहून १९६५ साली त्यांनी डॉक्टरेट घेतली. येताना त्यांनी पदवीबरोबर आणखी काही आणले : अमेरिकेतल्या काळ्या लेखकांच्या साहित्याची ओळख. औरंगाबादच्या नागसेनवनात ती तरुण लेखकांपर्यंत पोचली. १९६७ साली तेथून 'अस्मिता' हे त्रैमासिक निघाले, तेच पुढे 'अस्मितादर्श' झाले. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या संघटनेने पँथर हे नाव घेतले, तेही याच वाऱ्याचे लक्षण.

खरी विद्यार्थ्यांची देवाणघेवाण म्हणतात ती ही. एका देशाने आपला विद्यार्थी दिला आणि दोन्हीकडच्या दबलेल्यांना एकमेकांची भाषा मिळाली. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांना पत्र लिहून अमेरिकन काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची चौकशी केली होती आणि डुबॉय यांनी उत्तर दिले होते. न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षे राहिलेल्या माणसाला ते पत्र कुठे पाठवायचे हे ठाऊक होते.

६

आता आजचा मुद्दा. राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या जागा २०२१-२२ साली १०० वरून १२५ झाल्या. आठ लाखांपर्यंतचे कौटुंबिक उत्पन्न, पस्तिशीच्या आतले वय, साठ टक्के गुण, स्त्रियांसाठी तीस टक्के. हे सर्व स्वागतार्ह. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये नियमांत एक कलम घातले गेले : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. कारण दिले गेले की भारताचा अभ्यास भारतातच चांगला होतो.

हे कलम हातात घेऊन १९१६ सालाकडे पाहा. प्राचीन भारतातला व्यापार : अपात्र. भारतातील जाती, त्यांची घडण आणि उगम : अपात्र. ज्या विद्यार्थ्याच्या नावाने आपण शिक्षणाची सारी भाषणे करतो, त्याचे अर्ज या कलमाखाली बाद झाले असते.

कुणी म्हणेल, १९४२ साली बाबासाहेबांनीच विज्ञान-तंत्रज्ञानाचा आग्रह धरला होता. हे खरे आहे आणि टाळण्यासारखे नाही. पण आग्रह आणि बंदी यांत फरक आहे. महागडे म्हणून आमच्या मुलांना बंद असलेले दार त्यांनी उघडायला सांगितले होते. उघडे दार बंद करायला सांगितले नव्हते. वरच्या घरातला मुलगा स्वतःच्या पैशाने ऑक्सफर्डला जाऊन जातीवर प्रबंध लिहू शकतो. त्याला कलम लागत नाही. लागते ते फक्त सरकारी पैशावर जाणाऱ्याला. म्हणजे जातीविषयी जगाला कुणी सांगायचे, याची निवड पुन्हा पैशावर आली. आम्ही अभ्यासाचा विषय व्हायचे आणि अभ्यासक मात्र दुसऱ्याने व्हायचे, ही जुनीच वाटणी आहे.

दुसरी गोष्ट निधीची. जुलै २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ जणांपैकी पहिल्यांदा ४० जणांनाच तात्पुरती पत्रे मिळाली. उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास, असे कळवण्यात आले. परदेशी विद्यापीठे निधीसाठी थांबत नाहीत. वर्ग सप्टेंबरात सुरू होतात.

आणि या सगळ्याच्या आधीची एक पायरी आहे, ती आमच्या गावात आहे. अर्ज करायला आधी परदेशी विद्यापीठाचा प्रवेश हातात लागतो. प्रवेशासाठी आयईएलटीएससारखी इंग्रजीची परीक्षा लागते. तिची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली माझी एक विद्यार्थिनी वर्गात पहिली येते. फीचा आकडा ऐकून तिने वही मिटली. आम्ही चार शिक्षकांनी वर्गणी काढली. पण वर्गणी ही पुन्हा मर्जीच. सवाशे जागा आहेत म्हणून आनंद मानताना त्या जागेच्या दारापर्यंतचे भाडे कुणी भरायचे, हे विचारले पाहिजे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. विषयबंदीचे कलम काढा. निवड झाली त्या दिवशी निधी ठरलेला असू द्या. परीक्षेची आणि अर्जाची फी योजनेतच धरा. परत येणाऱ्याला विद्यापीठांतल्या रिकाम्या जागांवर घ्या; नाहीतर कमाटी बागेतले झाड फक्त जागा बदलून उभे राहील.

आणि एक काम आपले आहे. १९४३-४४ पासून सरकारी खर्चाने जे विद्यार्थी परदेशी गेले, त्यांचा सलग इतिहास मराठीत माझ्या वाचनात आलेला नाही. कोण गेले, काय शिकले, कुणी वाटेत सोडले, परत येऊन कुठे लागले, घरी कुणी काय सोसले. ही माहिती जुन्या ट्रंकांत आहे : करारपत्रे, बोटीची तिकिटे, परदेशातून आलेली निळी पत्रे. ज्यांच्या घरी अशी कागदपत्रे असतील त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या शिक्षकाला ती दाखवावीत, नक्कल काढू द्यावी. एका माणसाचा करार आपल्याला पाठ आहे. बाकीच्यांचे करार गोळा झाले तरच पुढच्या मुलीला आपल्या आधी किती जण त्या वाटेने गेले हे कळेल, आणि ती वही मिटणार नाही.